नमनालाच घडाभर तेल: मेल फिल्टरवर एन्क्रिप्टेड जोडण्या का रखडतात?

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं जास्त आहेत. मेल पोहोचतो, हरवत नाही, पण फिल्टर सर्व्हरशी एन्क्रिप्टेड जोडणी जुळायलाच इतका वेळ लागतो की समोरचा कंटाळून निघून जातो. म्हणून या महिन्याचं सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे. बहुतेकांकडे लिनक्सवर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे उत्तरंही त्यालाच धरून आहेत. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर टाकून लिहायची.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या मेल फिल्टरची इंटरनेट लाइन गेल्या महिन्यात बदलली. त्याच आठवड्यात पोर्ट २५ वर, म्हणजे मेल येण्याच्या दारावर, टीएलएस हे एन्क्रिप्शन सुरू केलं. तेव्हापासून बाहेरून येणारं प्रत्येक नवं कनेक्शन दहा सेकंद अडकतं. प्रोसेसर पाच टक्क्यांच्या वर जात नाही, लॉगमध्ये एकही एरर नाही. विक्रेता म्हणतो, एन्क्रिप्शनचा भार आहे, आठ कोअरचं मशीन घ्या. घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर: घेऊ नका. प्रोसेसर पाच टक्क्यांवर निवांत बसलेला असताना भार कसला? एन्क्रिप्शनची आकडेमोड मिलीसेकंदांत उरकते. सेकंदांत मोजावा लागतो तो वेळ आकडेमोडीचा नसतो, वाट पाहण्याचा असतो. कोणीतरी कोणाच्या तरी उत्तरासाठी ताटकळतंय, आणि नेमके किती सेकंद यावरून ते कोण हे बऱ्याचदा ओळखता येतं.

आधी टीएलएसवरचा संशय तपासून घ्या. बाहेरच्या एखाद्या मशीनवरून नेटकॅटने तुमच्या पोर्ट २५ ला साधं कनेक्शन जोडा आणि काहीही टाइप न करता घड्याळाकडे बघा. २२० ने सुरू होणारी स्वागताची ओळ, म्हणजे बॅनर, यायलाच दहा सेकंद लागले तर टीएलएस निर्दोष आहे. कारण ‘स्टार्ट-टीएलएस’ ही आज्ञा बॅनर आणि ‘ईहेलो’ (पाहुण्याने दिलेली ओळख) यांच्या नंतर येते, तिची पाळी अजून आलेलीच नाही. बॅनर झटकन आला आणि ‘स्टार्ट-टीएलएस’नंतर गाडी थांबली, तरच हँडशेककडे, म्हणजे टीएलएसच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीकडे, वळायचं.

तुमच्या वर्णनावरून बॅनरच उशिरा येत असणार, आणि दहाचा आकडा डीएनएसकडे, म्हणजे नावं आणि पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेकडे, बोट दाखवतो. लिनक्सचा रिझॉल्व्हर, म्हणजे हे शोध घेणारा भाग, एका नेमसर्व्हरसाठी मुळात पाच सेकंद थांबतो आणि मग यादीतल्या पुढच्याकडे जातो. पोस्टफिक्सचा ‘एसएमटीपीडी’, म्हणजे येणारी कनेक्शनं घेणारा भाग, बॅनर देण्याआधी आलेल्या आयपी पत्त्याचं नाव शोधतो, आणि मग ते नाव परत त्याच आयपीकडे येतं का हे पाहतो. असे दोन शोध झाले. यादीतला पहिला नेमसर्व्हर मेलेला असेल तर प्रत्येक शोधाला पाच, दोन्ही मिळून दहा.

लॉग कोरा का, याचंही उत्तर इथेच आहे. ‘कनेक्ट फ्रॉम’ या ओळीत पाहुण्याचं नाव छापायचं असतं, म्हणून ती ओळ नाव सापडल्यानंतरच लिहिली जाते. दहा सेकंद त्या ओळीच्या आधीच गेलेले असतात. लॉगवर विसंबलात तर सगळं आलबेल दिसतं.

तुम्ही म्हणाल, लाइन बदलली तेव्हा ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये नवे नेमसर्व्हर टाकले, नाव शोधून देणारं ‘डिग’ही लगेच उत्तर देतं. ते खरं असेल, तरी डेबियन आणि उबुंटूवर एक मेख आहे. तिथे बऱ्याच आवृत्त्यांत पोस्टफिक्सच्या अनेक प्रक्रिया चरूटमध्ये चालतात, म्हणजे स्पूल फोल्डरलाच त्या आपलं अख्खं जग समजतात. त्या फोल्डरच्या आत ‘ईटीसी’मध्ये ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ची एक वेगळी प्रत असते. तुम्ही बाहेरची फाइल बदललीत, आत जुन्या कंपनीचेच नेमसर्व्हर राहिले. ‘डिग’ बाहेरची फाइल वाचतं, ‘एसएमटीपीडी’ आतली. ‘पोस्टफिक्स चेक’ ही आज्ञा चालवा. दोन्ही प्रती वेगळ्या असतील तर ती तसं नावासकट सांगते. मग पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करा आणि आतली प्रत बदलली याची डोळ्यांनी खात्री करा.

कायमचा इलाज म्हणजे फिल्टरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा कॅशिंग (उत्तरं साठवून ठेवणारा) रिझॉल्व्हर बसवणं आणि यादीत पहिला पत्ता १२७.०.०.१ ठेवणं. मेल फिल्टरला हे चैनीचं काम नाही, गरजेचं आहे. एका मेलमागे नावांचे, स्पॅम याद्यांचे, पाठवणारा खरा का हे पाहणाऱ्या एसपीएफ-डीकिमचे मिळून डझनांनी शोध होतात. शिवाय सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं तर स्पॅमहाउससारखी यादी खरं उत्तर देतच नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा सूचक पत्ता परत करते. तुमच्या नियमात ‘काहीही उत्तर आलं की स्पॅम’ असं असेल तर चांगले मेलही परत जातील. म्हणून नियमात १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ हीच उत्तरं ग्राह्य धरा आणि फॉरवर्डर (मधला दुसरा रिझॉल्व्हर) न लावता थेट मूळ सर्व्हरना विचारा.

प्रश्न: बॅनर दोन हप्त्यांत येतो. आधी अर्धा लगेच, आणि बरोब्बर सहा सेकंदांनी उरलेला. नेमसर्व्हर तपासले, ठीक आहेत. (मडगाव)

उत्तर: हा बिघाड नाही, पहारा आहे. ‘पोस्टस्क्रीन’ हा पोस्टफिक्सचा पहारेकरी चालू असला की पहिली ओळ ‘२२०’ आणि लगेच डॅश अशी येते. डॅशचा अर्थ ‘अजून बोलणं संपलेलं नाही’. शिष्टाचार पाळणारा सर्व्हर दुसरी, डॅश नसलेली ओळ येईपर्यंत गप्प राहतो. स्पॅम ओकणारे बॉट मात्र थांबत नाहीत, मध्येच बोलतात आणि पकडले जातात. ही वाट सहा सेकंदांची असते, सर्व्हरवर ताण असेल तर आपोआप दोन सेकंदांची होते. एकदा पास झालेल्या पाहुण्याला काही काळ पुन्हा थांबावं लागत नाही. नेहमीच्या भागीदार सर्व्हरना तेवढंही नको असेल तर त्यांचे पत्ते ‘पोस्टस्क्रीन ॲक्सेस लिस्ट’मध्ये घाला. सहाचे दोन करायच्या फंदात मात्र पडू नका. तेवढ्या चार सेकंदांत बराच कचरा दाराबाहेरच अडतो.

पोस्टस्क्रीनमध्ये बॅनरनंतरच्या खोल चाचण्याही सुरू केल्या असतील तर पहिल्यांदा येणारा मेल ४ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे तात्पुरत्या नकाराच्या, कोडने परत जातो आणि पुन्हा यावा लागतो. तो उशीर मिनिटांचा असतो, आणि लोक त्यालाही ‘टीएलएस स्लो आहे’ म्हणतात. ग्रेलिस्टिंगचंही, म्हणजे अनोळखी पाहुण्याला ‘नंतर या’ सांगण्याचंही, तेच. ते करणारं पोस्टग्रे मुळात ३०० सेकंद थांबवतं.

प्रश्न: येणारे मेल ठीक आहेत, पण बाहेर जाताना काही डोमेनना प्रत्येक मेल अर्धा मिनिट घेतो. लॉगमध्ये ‘डिलेज’ असं लिहून चार आकडे येतात, त्यांचा अर्थ काय? (नागपूर)

उत्तर: ते चार आकडे म्हणजे अख्खी जन्मपत्रिका आहे, आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक ती वाचतात. तिरप्या रेघांनी तोडलेले हे चार वेळ असे आहेत. पहिला, मेल आत येऊन रांगेत लागेपर्यंतचा. दुसरा, रांगेच्या व्यवस्थापकाकडे गेलेला. तिसरा, जोडणी उभी राहायला लागलेला, ज्यात डीएनएस, टीसीपी, ‘ईहेलो’ आणि टीएलएस हँडशेक हे सगळं येतं. चौथा, प्रत्यक्ष मेल पाठवायला लागलेला. समजा ओळ ०.११/०.०२/३०.९/१.२ अशी आहे. तिसरा आकडा फुगलाय, आणि त्यातले तीस सेकंद अगदी गोल आहेत.

पोस्टफिक्स एका पत्त्याशी टीसीपी जोडणीसाठी मुळात ३० सेकंद थांबतो. म्हणजे पहिला पत्ता मुका निघाला आणि दुसऱ्याने लगेच दार उघडलं. त्या ओळीच्या जरा वर बघा. कोलन-कोलनचा लांबलचक पत्ता आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसलं तर दोष आयपीव्ही६चा आहे. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता मिळालाय, पण त्या वाटेवर पुढे कुठेतरी पॅकेटं गडप होतात. आयपीव्ही६ मुळीच नसतं तर कर्नलने ‘वाटच नाही’ असं तत्काळ सांगितलं असतं आणि एक क्षणही वाया गेला नसता. अर्धवट आयपीव्ही६ हे नसलेल्यापेक्षा वाईट.

लाइन देणाऱ्याकडून ते नीट करून घेता आलं तर उत्तमच, मात्र तेव्हा त्या पत्त्याचा रिव्हर्स डीएनएसही लावून घ्या. तोवर ‘एसएमटीपी ॲड्रेस प्रेफरन्स’ला ‘आयपीव्ही४’ द्या. ‘आयनेट प्रोटोकॉल्स’मधून आयपीव्ही६ काढून टाकणं हा जास्त कडक उपाय, आणि त्यासाठी पोस्टफिक्स रीस्टार्ट करावा लागतो.

चौथा आकडा दहाने फुगलेला दिसला तर वेगळी कथा. समोर सिस्कोचा जुना फायरवॉल मेलची ‘तपासणी’ करत असतो आणि बॅनर ताऱ्यांनी झाकून टाकतो. पोस्टफिक्स ते ओळखून, रांगेत ५०० सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलेल्या मेलसाठी शेवटच्या टिंबाआधी दहा सेकंद मुद्दाम थांबतो. असा फायरवॉल ‘स्टार्ट-टीएलएस’ हा शब्दही ‘एक्स’च्या माळेने खोडू शकतो, मग एन्क्रिप्शन होतच नाही. तो तुमच्याच दारात असेल तर ईएसएमटीपीची तपासणी बंद करा.

आणि तिसरा आकडा सव्वा ते दीड सेकंद दिसत असेल, समोरचा सर्व्हर अमेरिकेत असेल, तर काही दुरुस्त करायला जाऊ नका. टीसीपीची एक फेरी, बॅनरची एक, ‘ईहेलो’ची एक, ‘स्टार्ट-टीएलएस’ची एक, टीएलएस १.२ च्या हँडशेकच्या दोन, मग पुन्हा ‘ईहेलो’. अशा सात फेऱ्या झाल्या. एका फेरीला २०० मिलीसेकंद धरले तर १.४ सेकंद झाले. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ ने यातली एक फेरी वाचते, बाकीचं अंतर कोणाला वाचवता येत नाही. वाचवायचं ते फेऱ्यांचं पुनःपुन्हा होणं. एकाच मोठ्या मेलसेवेकडे शेकडो मेल जात असतील तर ‘एसएमटीपी टीएलएस कनेक्शन रीयूज’ला ‘येस’ करा. ही सोय पोस्टफिक्स ३.४ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे, पण मुळात बंद असते. त्याआधी प्रत्येक एन्क्रिप्टेड मेलनंतर जोडणी मोडून नव्याने बांधावी लागे. चालू झाल्यावर लॉगमध्ये ‘कॉन यूज’ आणि पुढे २, ३ असे आकडे दिसू लागतात.

प्रश्न: आमच्या तीन शाखा व्हीपीएनवरून मुख्य कार्यालयाच्या मेल फिल्टरला जोडलेल्या आहेत. दोन शाखांचं टीएलएस लगेच जुळतं. तिसरीचं ‘स्टार्ट-टीएलएस’नंतर गोठतं, आणि पाच मिनिटांनी ‘लॉस्ट कनेक्शन आफ्टर स्टार्ट-टीएलएस’ असं येतं. टीएलएस बंद केलं की तिसरी शाखाही पळते. म्हणजे दोष टीएलएसचाच ना? (रत्नागिरी)

उत्तर: नाही, पण तसं वाटणं साहजिक आहे. दोष वाटेच्या रुंदीचा आहे. टीएलएस हा त्या वाटेवरून जाणारा पहिला मोठा ट्रक, इतकंच.

बॅनर, ‘ईहेलो’, ‘स्टार्ट-टीएलएस’ या ओळी शेदोनशे बाइटांच्या. त्या कुठूनही निसटतात. हँडशेकमध्ये सर्व्हरला आपलं सर्टिफिकेट आणि मधलं साखळीतलं सर्टिफिकेट पाठवावं लागतं. आरएसए असेल तर सगळं मिळून तीनएक हजार बाइट होतात. तेव्हा पहिल्यांदाच तुमचा सर्व्हर १५०० बाइटांची भरगच्च पॅकेटं सोडतो. जीआरई बोगद्यातून फक्त १४७६ जातात, पीपीपीओई लाइनवरून १४९२, आयपीसेक या व्हीपीएनच्या प्रकारातून त्याहूनही कमी. अडलेल्या राउटरने ‘तुकडे करा’ असा आयसीएमपी निरोप परत धाडायचा असतो, प्रकार ३, कोड ४. पण कोणीतरी ‘सुरक्षेसाठी’ सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं. निरोप पोहोचत नाही, सर्व्हर तेच पॅकेट पुनःपुन्हा सोडत राहतो. पाच मिनिटं म्हणजे पोस्टफिक्सचा टीएलएससाठीचा ३०० सेकंदांचा टाइमआउट.

हे डोळ्यांनी बघता येतं. फिल्टरवर जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणाऱ्या ‘टीसीपीडंप’ला तीन ‘टी’ देऊन, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर छापायला सांगून, पोर्ट २५ आणि त्या शाखेचा पत्ता लावा. शाखेकडून हँडशेकची पहिली छोटी चिठ्ठी येते. तुमच्याकडून १४०० च्या वर लांबीची दोन-तीन पॅकेटं जातात. पोच येत नाही. मग साधारण ०.२ सेकंदांनी त्याच क्रमांकाचं पॅकेट पुन्हा, मग ०.४, ०.८, १.६ अशा दुपटीच्या अंतराने तेच ते. हा दुपटीचा जिना दिसला की निदान पक्कं.

आता रुंदी मोजा. लिनक्सवरून ‘पिंग’ला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन आकार १४७२ ठेवा, त्यात २८ बाइट शीर्षकांचे मिळवले की १५००. उत्तर नाही आलं तर १४६४, मग १४४८, असं उतरत जा. जिथे उत्तर येतं त्या आकड्यात २८ मिळवले की वाटेची रुंदी मिळाली. पिंगच बंद असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून आधी लहान आकाराचं पिंग पोहोचतंय ना ते बघा.

दुरुस्ती बोगद्याच्या राउटरवर करायची: टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात भरायच्या मजकुराची कमाल मर्यादा, वाटेच्या रुंदीला बांधून टाका, ज्याला ‘एमएसएस क्लॅम्प’ म्हणतात. आयसीएमपीचा तो एक प्रकार फायरवॉलमधून सोडा. राउटर तुमच्या हातात नसेल तर फिल्टरच्या कर्नलमध्ये ‘टीसीपी एमटीयू प्रोबिंग’ला १ द्या. मग अडकल्यावर सर्व्हर स्वतःच लहान पॅकेटं करून बघतो. पहिल्यांदा काही सेकंद जातात, पण गाडी सुटते. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा एमटीयू, म्हणजे पॅकेटाची कमाल लांबी, १४०० करून मोकळे होणारेही आहेत. त्याने काम भागतं, पण त्यासाठी बाकी सगळ्या वाटाही अरुंद होतात.

याच जातीचा एक नवा प्रकार लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये आलेला ओपनएसएसएल ३.५ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) क्वांटम संगणकांपुढे टिकणारी किल्ली हँडशेकच्या पहिल्याच चिठ्ठीत घालतो. एमएल-केम ७६८ चा तो भाग एकटाच ११८४ बाइटांचा असतो. पूर्वी एका पॅकेटात बसणारी चिठ्ठी आता दोन पॅकेटांत जाते, आणि मधले काही जुने फायरवॉल दुसऱ्या तुकड्याची वाटच पाहत नाहीत. अद्ययावत केल्यानंतर फक्त एखाद-दुसऱ्या डोमेनशी हँडशेक गोठू लागला तर ओपनएसएसएलच्या ‘एस-क्लायंट’ने दोनदा जोडून बघा. एकदा आहे तसं, एकदा ‘ग्रुप्स’ पर्यायात नुसतं ‘एक्स२५५१९’ देऊन. दुसऱ्यांदा जुळलं तर कारण हेच. त्या डोमेनपुरता वेगळा ट्रान्सपोर्ट, म्हणजे पाठवण्याची स्वतंत्र सेवा, करून तिथे जुनाच गट ठेवा, सगळ्यांसाठी नवी किल्ली बंद करू नका.

प्रश्न: ४०९६ बिटांची आरएसए किल्ली वापरतो. २०४८ ची केली तर वेग वाढेल का? सेशन कॅशही चालू करावा का? (ठाणे)

उत्तर: वाढेल, पण तुम्हाला जाणवणार नाही. ४०९६ ची सही २०४८ पेक्षा साधारण सहा-सातपट वेळ घेते, तरी आजच्या सर्व्हरवर ती काही मिलीसेकंदांचीच असते. एका सहीला ५ मिलीसेकंद धरा. सेकंदाला २० नवी कनेक्शनं आली तर १०० मिलीसेकंद, म्हणजे एका कोअरचा दहावा भाग. स्वतःच्या मशीनवर ‘ओपनएसएसएल स्पीड’ला दोन्ही आरएसए आणि ‘ईसीडीएसए पी२५६’ ही दुसऱ्या जातीची किल्ली देऊन खरे आकडे बघा. ईसीडीएसए इतकी पुढे दिसेल की २०४८ चा विचारच सोडून द्याल. तिचं सर्टिफिकेटही लहान असतं. जुन्या सर्व्हरसाठी आरएसए सोबत ठेवायची असेल तर पोस्टफिक्स ३.४ पासून ‘एसएमटीपीडी टीएलएस चेन फाइल्स’मध्ये दोन्ही एकत्र देता येतात.

सेशन कॅश म्हणजे आधीच्या हँडशेकची जपलेली आठवण. येणाऱ्या बाजूला तिची फाइल लावू नका. २.११ पासून सेशन तिकिटं ते काम करतात, आणि मोठी कॅश फाइल उलट कटकट होते. जाणाऱ्या बाजूला मात्र कॅश उपयोगी. तिकीट चालतंय का हे पोस्टफिक्सच्याच ‘पोस्ट-टीएलएस-फिंगर’ने तपासा. काही सेकंदांनी पुन्हा जोडायला सांगितलं की दुसऱ्या वेळी जुनंच सेशन वापरलं का ते कळतं.

प्रश्न: एन्क्रिप्शनला लागणाऱ्या यादृच्छिक आकड्यांचा साठा सांगणारं ‘एंट्रॉपी अवेल’ कायम २५६ दाखवतं. तो वाढवणारं हावेज्ड बसवू का? (पुणे)

उत्तर: नको. पूर्वी तिथे हजारांत आकडे असत आणि तळाला गेले की यादृच्छिक आकडे पुरवणारं ‘डेव्ह रँडम’ खरोखर अडायचं. २०२० च्या कर्नल ५.६ पासून सुरुवातीची बीजं मिळाली की ते अडत नाही. ५.१८ पासून तो आकडा २५६ वरच स्थिर असतो, आणि जुन्या स्थिर शाखांमध्येही हा बदल मागाहून आला. खरोखर जुन्या कर्नलवर, त्यातही व्हर्च्युअल मशीनवर असाल, तर होस्टकडून ‘व्हर्टआयओ-आरएनजी’ जोडून घ्या.

प्रश्न: दिवसभर सुरळीत, पण सकाळी दहा ते अकरा फिल्टरला कनेक्शन जुळायला वीस-तीस सेकंद लागतात. लॉगमध्ये ‘प्रोसेस लिमिट १००’ अशी वॉर्निंग आहे. मर्यादा ५०० केली, तर सर्व्हरच बसला. (नाशिक)

उत्तर: बसणारच. शंभर खुर्च्यांच्या खानावळीत जेवण उशिरा येतंय म्हणून पाचशे खुर्च्या मांडल्या, आचारी तेवढेच.

एक ‘एसएमटीपीडी’ एका वेळी एकच कनेक्शन सांभाळतो. मिल्टर किंवा प्रॉक्सी फिल्टर, म्हणजे मेल आत घेतानाच तपासणारा प्रोग्राम, लावला असेल तर मेलची तपासणी होईपर्यंत तो सुटत नाही. तपासणीला २ सेकंद लागत असतील तर शंभर प्रक्रिया सेकंदाला पन्नास मेल काढतात. २० सेकंद लागले तर फक्त पाच. उरलेले पाहुणे कर्नलच्या रांगेत उभे राहतात. त्यांची टीसीपी जोडणी झटकन जुळते, बॅनर मात्र येत नाही, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला टीएलएस गोठल्यासारखं वाटतं. ‘एसएस’ आज्ञेला ऐकणारी टीसीपी सॉकेटं दाखवायला सांगा आणि पोर्ट २५ समोरचा ‘रिसीव्ह-क्यू’ बघा. दिवसभर शून्य आणि दहाला तीस-चाळीस असेल तर तीच ही रांग.

म्हणून मर्यादा पुन्हा शंभरावर आणा आणि तपासणीला वीस सेकंद का लागतात ते शोधा. स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्राम असेल तर बाहेरच्या चाचण्यांपासून सुरुवात करा. पायझर यूडीपी २४४४१ वापरतं, रेझर टीसीपी २७०३, डीसीसी यूडीपी ६२७७. ही पोर्टं फायरवॉलमध्ये बाहेरच्या दिशेला बंद असतील तर प्रत्येक मेल प्रत्येक चाचणीच्या टाइमआउटपर्यंत थांबतो. पोर्टं उघडा, नाहीतर त्या चाचण्या बंद करा. अर्धवट ठेवू नका. त्याच कामाचं आरस्पॅमडी एका मेलवर मुळात आठ सेकंदांत हात झटकतं, त्यामुळे तिथे ठरलेल्या आठ सेकंदांची तपासणी वारंवार दिसली तर पुन्हा डीएनएसकडेच जा.

मग मेमरी. क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसचा क्लॅमडी सह्यांचा, म्हणजे विषाणूंच्या ओळखखुणांचा, साठा मेमरीत धरून बसतो, एक जीबीच्या वर. २०२० च्या ०.१०३ आवृत्तीपासून नव्या सह्या आल्या की तो जुना साठा ठेवूनच दुसरा भरतो, म्हणजे तेवढा वेळ मेमरी दुप्पट. चार जीबीच्या मशीनवर ॲमाविसची पोरं (या तपासणी प्रोग्रामच्या पोटप्रक्रिया) आणि हे दोन साठे एकत्र आले की स्वॅप, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणं, सुरू होतो आणि सगळंच रांगायला लागतं. ‘व्हीएमस्टॅट’ला एका सेकंदाच्या अंतराने चालू ठेवा. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने शून्यावरून हलले तर निदान झालं. ‘कन्करंट डेटाबेस रीलोड’ बंद करता येतं, पण मग साठा बदलेपर्यंत तपासणी थांबते. त्यापेक्षा मेमरी वाढवणं परवडतं. विक्रेत्याकडून काही विकतच घ्यायचं असेल तर हे घ्या. ॲमाविसमध्ये ‘मॅक्स सर्व्हर्स’ मुळात दोनच असतात. ते वाढवाल तेव्हा ‘मास्टर.सीएफ’मधल्या त्या ट्रान्सपोर्टची मर्यादाही तेवढीच ठेवा, आणि मेमरीचं गणित करूनच.

मिल्टर बंद पडलेला असेल तर उशीर तपासणीत नाही, अगदी सुरुवातीला होतो. पोस्टफिक्स पाहुणा येताच मिल्टरला हाक मारतो आणि जोडणीसाठी ३० सेकंदांपर्यंत थांबतो. मिल्टर दुसऱ्या मशीनवर असेल आणि मध्ये पॅकेटं मुकाट टाकणारा फायरवॉल असेल तर हे हमखास होतं.

प्रश्न: एकाच जुन्या सरकारी मेल सर्व्हरकडे मेल पाठवताना दर वेळी बरोबर पाच सेकंद जातात, तेही बॅनरआधी. आमचं डीएनएस, त्यांचं डीएनएस, दोन्ही तपासलं. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: समोर बहुधा सेंडमेल हा जुना मेल सर्व्हर आहे. तुम्ही जोडणी केलीत की तो उलट तुमच्या पोर्ट ११३ वर येऊन ‘हे कनेक्शन कोणत्या वापरकर्त्याचं?’ असं विचारतो. ही आयडेंटची जुनी पद्धत, आणि तो उत्तरासाठी पाच सेकंद थांबतो. तुमचा फायरवॉल ती विचारणा गुपचूप टाकून देतो, म्हणून पाचही सेकंद जातात. पोर्ट ११३ उघडायचं नाही, नकार तेवढा द्यायचा. आयपीटेबल्समध्ये त्या पोर्टच्या नियमात ‘ड्रॉप’ काढून ‘रिजेक्ट’ लिहा आणि नकाराचा प्रकार ‘टीसीपी रीसेट’ ठेवा. फिल्टर राउटरच्या मागे असेल तर हा नियम राउटरवर लावायचा, कारण त्यांना दिसणारा पत्ता राउटरचा आहे.